आत शिरलं की बदली होते

बाबांनी रायपूरहून प्रॉस्पेक्टस आणलं त्या दिवशी आमच्या घरी पाटवडीचा रस्सा होता. हे मला पक्कं आठवतं, कारण त्या पुस्तकाच्या पिवळ्या मुखपृष्ठावर तर्रीचा डाग पडला आणि तो माझ्या हातून पडला की मायच्या, यावरचा वाद आम्हाला पुढं महिनाभर पुरला. बाबांची साप्ताहिक सुट्टी होती. एरवी सुट्टीच्या दिवशी ते सायकल धुवायचे, मागच्या अंगणातल्या मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा पाडायचे आणि दुपारी हातपाय ताणून झोपायचे. त्या दिवशी मात्र इस्तरीचा शर्ट घालून सकाळीच बसनं गेले, विद्यापीठाच्या खिडकीवर रांगेत उभे राहिले आणि पुस्तक खराब होऊ नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले. एवढं जपून आणलेल्या वस्तूला घरात पाय ठेवल्याबरोबर आम्ही मायलेकींनी तर्री लावली.

जेवणं झाल्यावर बाबा खाटेवर बसले, चष्मा चढवला आणि मोठ्यानं वाचायला लागले. पुस्तक हिंदीत होतं. विद्यापीठातल्या विभागाला आमच्याकडं अध्ययनशाला म्हणतात, आणि एकेका अध्ययनशालेच्या नावाखाली ती कोणती डिग्री देते, किती वर्षांत देते, कोणाला देते हे सगळं छापलेलं. भौतिकीची एम.एस्सी. भूविज्ञानाची एम.एस्सी., आणि त्याच्याही वर एम.टेक. विधीची एलएल.बी., मग एलएल.एम. ग्रंथालयाची बी.लिब., मग एम.लिब. भाषाविज्ञानाची एम.ए. औषधांची बी.फार्म. शारीरिक शिक्षणाची बी.पी.एड., म्हणजे पळण्या-खेळण्याचीही डिग्री मिळते, हे ऐकून माय भांडी घासता घासता थांबली आणि म्हणाली की मग आपल्या शेजारच्या पोट्ट्यांना ती आत्ताच देऊन टाका. उतईहून भाजी घेऊन एक बाई यायची, तिच्या टोपलीत लाखडी, चेच, अंबाडी असं काय काय असायचं. मायचं म्हणणं पडलं की तिच्या टोपलीतही इतके प्रकार नसतात, आणि यातल्या कोणत्या प्रकाराला नोकरी लागते तेवढंच वाचा. बाबा म्हणाले, आधी पुरतं ऐक तर खरी.

बाबांना ते वाचताना किती सुख होत होतं हे आज मला कळतं. देव आमच्या घरी नव्हते. समोरच्या भिंतीवर निळ्या कोटातली एक तसबीर होती, आणि तिच्या खाली, नावापुढं, डिग्र्यांची लांबलचक ओळ छापलेली होती. ती ओळ मला बाराखडीच्या आधी पाठ झाली. पाहुणे आले की बाबा मला उभं करायचे आणि मी ती एका दमात म्हणून दाखवायची. पाहुणे मान डोलवायचे, जयभीम करायचे आणि माय मला गुळाचा खडा द्यायची. त्यातलं डी.एस्सी. काय आणि बार-ॲट-लॉ काय, ना मला माहीत होतं ना बाबांना. पण डिग्री ही आपल्या माणसानं मिळवायची वस्तू आहे, आणि एक मिळाली की दुसरी मागायची असते, एवढं त्या घरात न शिकवता शिकवलं गेलं. माझी बी.एस्सी. झाली तेव्हा बाबांनी पेढे वाटले नाहीत. म्हणाले, अर्ध्या रस्त्यात कोण पेढे वाटते?

भिलाईच्या पोलाद कारखान्याचं आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं. पुढं व्हरांडा, मागं अंगण, आणि घराचं सगळं घड्याळ प्लांटच्या भोंग्यावर. बाबा कोक ओव्हनमध्ये होते. तिथं दगडी कोळसा बंद भट्ट्यांत भाजतात, आणि त्या भट्ट्यांच्या माथ्यावर उभं राहून बाबांची ड्यूटी व्हायची. ते घरी आले की त्यांच्या आधी त्यांचा वास घरात यायचा. डांबर, डांबरगोळी आणि जळकी अंडी एकत्र केल्यावर जसा येईल तसा. माय त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची आणि तीन पाण्यांतून काढायची, तरी वास जायचा नाही. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांच्याच बाबांना असा वास येतो. मग कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकदा आमच्या बाईंनी नॅप्थलीनची बाटली उघडली आणि माझ्या नाकात एकदम बाबांचा शर्ट आला. बाईंनी फळ्यावर दोन षट्कोन एकमेकांना चिकटवून काढले आणि म्हणाल्या, हे ते. मी त्या आकृतीकडं पाहतच राहिले. माझ्या बाबांच्या शर्टाला सूत्र होतं! त्या दिवशी मी ठरवलं की आपण केमिस्ट्री करायची, आणि केमिस्ट्रीच करायची. दुसरं काही मला नको होतं.

बाबांना हे माहीत होतं. त्यांना ते आवडलंही होतं. पण त्या संध्याकाळी प्रॉस्पेक्टस वाचता वाचता ते एका पानावर अडकले. मानवविज्ञान अध्ययनशाला. त्याखाली लिहिलं होतं की बी.ए. झालेल्याला इथं एम.ए. मिळेल आणि बी.एस्सी. जीवशास्त्र घेऊन झालेल्याला एम.एस्सी. माझ्या बी.एस्सी.त रसायनाबरोबर जीवशास्त्रही होतं. बाबांनी ते दोनदा वाचलं. मग पुस्तक मांडीवर उलटं ठेवून विचार करत बसले. खिडकीवर रांगेत असताना त्यांनी आजूबाजूला चौकशी केली होती. रसायनला अर्जांचा ढीग, मानवविज्ञानाला कोणी विचारत नाही.

"डिग्री तं एकच हाय ना," ते म्हणाले. "हे बी एम.एस्सी., ते बी एम.एस्सी. आत शिरणं महत्त्वाचं, बेटा. एकदा आत शिरलं की बदली होते."

बाहेरच्या माणसाला हे वाक्य ऐकून हसू येईल. आमच्या सेक्टरात कोणी हसलं नसतं. प्लांटमध्ये शॉप असतात: रेल मिल, ब्लास्ट फर्नेस, कोक ओव्हन. माणूस मिळेल त्या शॉपमध्ये लागतो आणि मग हव्या त्या शॉपची वाट पाहतो. बदलीचे अर्ज असतात, आणि त्याहून भारी म्हणजे म्युच्युअल. दोन शॉपमधल्या दोन माणसांनी राजीखुशीनं एकमेकांची जागा घ्यायची, खाली दोघांच्या सह्या, टोकन नंबर, साहेबाचा शेरा. आमच्या लहानपणी हा शब्द घरोघरी मिठासारखा वापरला जायचा. शेजारचे रामटेके काका म्युच्युअलनं रेल मिलमध्ये गेले होते. मागच्या ओळीतला एक बिहारी म्युच्युअलनं पाण्याच्या विभागात गेला आणि त्याच्या बायकोनं सगळ्यांना ठेकुआ वाटला. बाबा अशी उदाहरणं हातासरशी द्यायचे. त्यांनी त्या संध्याकाळी विद्यापीठालाही प्लांटच्या मापानं मोजलं. रसायन हे एक शॉप, मानवविज्ञान हे दुसरं, कुलगुरू म्हणजे जनरल मॅनेजर.

मूळ गुणपत्रिका जोडायची होती, त्यामुळं फॉर्म एकाच अध्ययनशालेचा भरता येणार होता. मी थोडं भांडले. म्हटलं, माझे मार्क वाईट नाहीत. बाबा म्हणाले, वाईट नाहीत, पण रांग लांब आहे, आणि रांगेत नंबर नाही लागला तर साल वाया जाईल. साल वाया जाणं म्हणजे काय हे मला मायच्या तोंडाकडं पाहून कळलं. तुमसरहून एका स्थळाचा निरोप आधीच येऊन पडला होता, आणि माय त्याला ना हो म्हणत होती ना नाही. पोरगी शिकून राहिली म्हणून सांगता येत होतं. पोरगी घरी बसली असती तर काय सांगणार होती ती? तेव्हा मी फॉर्मवर मानवविज्ञान लिहिलं. बाबांनी जबरदस्ती केली असं मी म्हणणार नाही. मीही त्याच टाउनशिपमध्ये जन्मले होते, आणि म्युच्युअलवर माझाही विश्वास होता.

परवा माझ्या भाचीची मुलगी इथं माझ्याच सोफ्यावर बसून मोबाइलवर एका विद्यापीठाचा फॉर्म भरत होती. आता अध्ययनशाला म्हणत नाहीत, स्कूल म्हणतात. स्कूल ऑफ हे, स्कूल ऑफ ते, आणि प्रत्येक स्कूलखाली डिग्र्यांची अशी रांग की बोटानं सरकवता सरकवता बोट दुखावं. एका फॉर्ममध्ये पाच पसंत्या. तिनं त्या दोन मिनिटांत भरल्या आणि मध्ये कोणाचा तरी नाचही पाहून घेतला. मी तिला म्हटलं, अगं जरा विचार करून भर. तर म्हणते, "मोठी आई, टेन्शन मत लो, बाद में चेंज हो जाता है." तिचं खरंच होत असेल.

माझं नाव मानवविज्ञानाच्या यादीत वरच लागलं. रोज सकाळी बसनं रायपूर. डब्यात ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा, कधी कोरडं बेसन, आणि बसमध्ये खिडकीजवळ बसायची भांडणं. कुम्हारीच्या थांब्यावर एक मुलगी चढायची, सरिता. वडिलांचं हायवेवर छोटं वर्कशॉप होतं. ती रसायनला होती आणि रसायननं तिचा जीव नकोसा केला होता. प्रयोगशाळेतल्या गॅसनं तिचं डोकं उठायचं आणि सूत्रं पाहून रडू यायचं. घरच्यांना एम.एस्सी. पाहिजे होती, ती कशातली याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. दुसऱ्याच आठवड्यात मी घरी जाऊन बाबांना म्हटलं, बाबा, म्युच्युअल सापडलं.

बाबांचा चेहरा त्या दिवशी असा फुलला की काय सांगू! त्यांनी मायला बोलावून सांगितलं, रामटेके काकांना जाऊन सांगितलं. काका अर्ज लिहिण्यात उस्ताद होते. त्यांनी शुद्ध सरकारी हिंदीत अर्ज तयार केला, विषय: पारस्परिक स्थानांतरण बाबत. दोन्ही मुली आपल्या राजीखुशीनं अध्ययनशाला बदलू इच्छितात, यात विद्यापीठावर कोणताही भार पडणार नाही, तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. मी सही केली, सरितानं बसमध्ये सही केली, आणि पालक म्हणून बाबांनी सही करून सवयीनं खाली आपला प्लांटचा टोकन नंबर घातला. मग एक दिवस त्यांनी रजा टाकली आणि आम्ही तिघं रसायन अध्ययनशालेच्या प्रमुखांच्या दारात जाऊन उभे राहिलो.

प्रमुख एक वयस्क मॅडम होत्या. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, अर्ज सावकाश वाचला, आणि टोकन नंबरावर बोट ठेवून हा काय म्हणून विचारलं. बाबांनी उभं राहून सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत, हे मी त्यांचं आजही चांगलं मानते. त्या म्हणाल्या, "भाई साहब, दाखिला एक अध्ययनशाला में होता है. एक से दूसरी में बदली यहाँ नहीं होती." सरितानं जागा सोडली तरी ती माझ्याकडं येणार नाही, प्रवेश संपले, आता पुढच्या साली. बाबा म्हणाले, दोघी राजी आहेत, साहेब. मॅडमना साहेब म्हणाले. मॅडमनी नाही म्हणून मान हलवली. मग त्यांनी माझ्याकडं वळून बी.एस्सी.चे मार्क विचारले. मी सांगितले. त्यांनी ड्रॉवरमधून यादी काढली, बोट खालपर्यंत नेलं आणि म्हणाल्या, "इतने में तो हो जाता, बेटी. फॉर्म क्यों नहीं भरा?"

माझी जागा त्या यादीत होती. कोणी हिसकावली नव्हती, मी गेलेच नव्हते घ्यायला.

बाहेर व्हरांड्यात आलो. सरिता बिचारी एका बाजूला उभी राहिली. बाबा कागदाची घडी घालत होते, घडीवर घडी, ती काडेपेटीएवढी झाली तरी घालत होते. मी तेव्हा जे बोलले ते शब्द मी बदलून लिहू शकले असते, पण मग हे प्रकरण लिहायचंच कशाला?

"तुमाले याच्यातलं काय समजते?" मी म्हटलं. "कोक ओव्हनवाल्यानं कोक ओव्हन सांभाळावं."

फाटकाजवळच्या टपरीवरून बाबांनी तीन चहा आणले. मी घेतला नाही. माझ्या वाटचा चहाही तेच प्यायले आणि आम्ही बस पकडली.

त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं. म्हणजे माझं बंद झालं, बाबांनी बिचाऱ्यांनी दोनचारदा सुरू करून पाहिलं. मी अध्ययनशाला सोडली नाही, कारण सोडून घरी बसणं म्हणजे तुमसर. रोज जायची, रोज यायची, आणि घरात सगळा व्यवहार मायच्या मार्फत. मायला सांगायचं, त्यांना म्हणावं सायकलची किल्ली द्या. बाबा मायला सांगायचे, तिला म्हणा खुंटीवर आहे. तीन हातांवर बाबा बसलेले, तीन हातांवर मी, आणि मधे चुलीपुढं माय, निरोप इकडून तिकडं देत. एकदा ती वैतागून म्हणाली, "अजी, मी काय टेलिफोनवाली हाय का? बापलेकीनं एकमेकाले बोलाचं नसन तं दोघंबी जेवाले दुसरीकडं जा." त्यावरही कोणी हसलं नाही. माय मला एकटीला गाठून सांगायची की बाप आहे तो, चुकला, सोडून दे. मी म्हणायची, चुकले ते, वर्षं माझी गेली. मला तेव्हा फार बरोबर असल्यासारखं वाटायचं. आता वाटतं, असं बरोबर असण्याची किंमत माणूस फार उशिरा पाहतो. बाबा त्या दिवसांत भात कमी जेवायचे. माय रात्रीच्या भातात पाणी घालून सकाळी छत्तीसगढी बायकांसारखी बासी करायची, आणि बाबा तीच कांद्याबरोबर खाऊन ड्यूटीवर निघून जायचे.

मानवविज्ञानात मन लागत होतं असं मी म्हणणार नाही. हाडं मोजा, कवट्यांची मापं घ्या, गावं फिरा. आमच्या सरांनी दिवाळीच्या सुट्टीसाठी एक काम दिलं. घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाचं जीवनकथन लिहून आणायचं. तो कुठून आला, कसा आला, काम कसं मिळालं, कोणी आणलं. प्रश्नांची यादी छापील होती. सरांनी बजावलं होतं की माणूस बोलेल तेच शब्द उतरवायचे, आपलं शहाणपण मध्ये घालायचं नाही, वाद घालायचा नाही. वर्गातल्या बहुतेकांचे आजे जवळच्या गावांत होते. माझा आजा साकोलीकडं कधीच वारलेला. राहिले कोण? मायला विचारावं म्हटलं तर ती म्हणाली, माझं काय विचारते, त्यांनी आणलं म्हणून आली. जा, त्यांना विचार. तिचा डाव मला कळला, पण मार्क पाहिजे होते.

रविवार होता, ऊन छान पडलं होतं. मी व्हरांड्यातून आत तोंड करून, भिंतीला सांगितल्यासारखं म्हटलं की विद्यापीठाचं काम आहे, काही प्रश्न विचारायचे आहेत. बाबा बनियनवर होते. ते आत गेले, शर्ट घालून, केस विंचरून आले आणि अंगणात लोखंडी खुर्ची टाकून ताठ बसले. समोर स्टुलावर मी. "लिव्हा," ते म्हणाले. मला तुम्ही म्हणाले. चौकशीच्या साहेबापुढं बसावं तसे ते बसले होते, नाव विचारलं तर पूर्ण नाव, वडिलांचं नाव आणि टोकन नंबर.

मी यादीतले प्रश्न विचारत गेले, ते सांगत गेले. गाव कोणतं, जमीन किती, म्हणजे नाहीच. शाळा कुठपर्यंत. मग त्यांनी सांगितलं की त्यांनी आयटीआयतून वायरमनचा कोर्स केला होता, आणि माझं पेन थांबलं. हे मला माहीत नव्हतं. आमच्या ओळीतल्या निम्म्या घरांचे पंखे, इस्तऱ्या, रेडिओ बाबांकडं दुरुस्तीला यायचे. मला वाटायचं, त्यांना नाद आहे.

भिलाईत भरतीला आले तेव्हा सर्टिफिकेट खिशात होतं. मैदानात टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलावर एका शॉपची पाटी. इलेक्ट्रिकलच्या टेबलापुढची रांग मैदानाबाहेर गेली होती. कोक ओव्हनच्या टेबलापुढं चार माणसं. बाबा इलेक्ट्रिकलच्या रांगेत अर्धा दिवस उभे राहिले. मग आपल्याकडचाच एक जण भेटला आणि म्हणाला की इथं उभा राहून नंबर नाही लागला तर परत गावी जाशील, त्या रांगेत जा, आत शीर, मग बदली माग.

"मंग मी गेलो," बाबा म्हणाले. "तवा शिरलो, तो अजून तिथंच हाय."

मी विचारलं नव्हतं तरी ते पुढं सांगायला लागले, त्याच सरळ आवाजात. पहिल्या वर्षी अर्ज केला तर म्हणाले, आधी पक्का हो. पक्के झाल्यावर केला तर म्हणाले, तुझ्या जागी माणूस नाही. मग दरवर्षी केला. एकदा म्युच्युअलही सापडलं. इलेक्ट्रिकलचा एक जण कोक ओव्हनच्या जास्त भत्त्यासाठी तयार झाला होता, पण एक दिवस भट्टीवर येऊन उभा राहिला आणि दुसऱ्या दिवशी नाही म्हणाला. बाबा म्हणाले, त्याला दोष देता येत नाही, तिथं उभं राहवत नाही. पुढं वय झालं, साहेब म्हणाले आता वायरमनचं काम विसरला असशील, आणि मग बाबांनी अर्ज करणं सोडलं.

मी लिहीत होते आणि माझ्या डोक्यात एकेक घर उजळत होतं. रामटेके काकांची बदली झाली. त्या बिहाऱ्याची झाली. बाबांनी दिलेलं प्रत्येक उदाहरण दुसऱ्या माणसाचं होतं. स्वतःचं त्यांनी कधी दिलंच नव्हतं, आणि मी, त्यांची शिकलेली पोरगी, ज्या माणसाच्या शर्टाचं सूत्र शोधायला निघाले होते त्या माणसाला एवढं साधं विचारलं नव्हतं की बाबा, तुमची झाली का? तीन महिने मी त्यांच्यावर तोंड वाकडं करून फिरले. मला माझी इतकी लाज वाटली की वर पाहवेना. पण राग अजून पुरता गेला नव्हता, उलट आता तो जास्तच कळेनासा झाला. सरांचा नियम मोडून मी विचारलं.

"तुमाले माहीत होतं ना, होत नाही म्हणून? मंग मले कावून सांगतलं?"

बाबांनी दाढीवरून हात फिरवला.

"प्लांटात होत नाही, हे मले माहीत होतं," ते म्हणाले. "मले वाटलं, शिकलेल्या लोकाइच्या जागी तरी होत असन."

मी ते वाक्य लिहायला गेले आणि मला ते लिहिता आलं नाही. केमिस्ट्री मला पुढं कधीच मिळाली नाही. मानवविज्ञानाचीच एम.एस्सी. झाली, त्यावरच नोकरी लागली, तुमसर टळलं, आयुष्य बरं गेलं. पण केमिस्ट्री राहिल्याचं दुःख मला आज या वयातही आहे, ते मी लपवत नाही. बाबांवरचा राग मात्र त्या अंगणात, त्या खुर्चीसमोर संपला. त्या माणसानं आपल्याला न मिळालेली गोष्ट जगात कुठंतरी असेलच असं मानलं होतं, आणि ती माझ्यासाठी मागायला रजा टाकून गेला होता.

"आखीन काही विचाराचं हाय का?" बाबांनी विचारलं. अजून ताठच बसले होते.

यादी संपली होती. मी म्हटलं, "हो बाबा. वायरिंगचं काम तुमाले आवडे का?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग खुर्ची माझ्या स्टुलाजवळ ओढली, शर्टाचं वरचं बटण सोडलं आणि माझ्या हातातलं पेन काढून वहीवर आडवं ठेवलं.

"हे लिव्हू नको," ते म्हणाले. "नुसतं आयक."

मग ते संध्याकाळपर्यंत बोलत होते. माय दोनदा चहा ठेवून गेली. त्यांनी काय सांगितलं ते सगळं मला आठवतं, आणि ते मी इथंही लिहिणार नाही.